शिलंगणाचे चार वाटे

मेंढा फणसाच्या फांदीला उलटा टांगलेला होता, विटांच्या चुलीत निखारे धरू लागले होते, आणि सुरी कुणी धरायची हे काही ठरत नव्हतं.

या घरात आता सुरी धरणारे एकच, पद्मनाभअण्णा. आणि त्यांचं उजवं मनगट श्रावणात मोरीत पाय घसरून मोडलं होतं. प्लास्टर निघालं, पण पकड परत आली नव्हती. चहाचा कप उचलताना ते डावा हात खालून लावत, आणि कुणी पाहिलं की कप फार गरम आहे म्हणून सांगत.

"खाटकाला बोलावू या की," त्यांचे धाकटे भाऊ नागनाथकाका म्हणाले. "के. आर. पुरमच्या मार्केटातून कुणीतरी येतंय. अर्ध्या तासात आयतु, काम झालं."

"शिलंगणाची शिकार परक्या हातानं सोलायची?" अण्णा म्हणाले. "मग दुकानातूनच आणायचं होतंस दोन किलो. पिशवीत घालून."

शिकार म्हणायचं ते आता नुसतं म्हणण्यापुरतं. शिकारबंदीचा कायदा झाला त्या वर्षी अण्णांचे वडील, अप्पा, आपण होऊन बंदूक जमा करून आले आणि आठ दिवस कुणाशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी त्यांनी बन्नूरकडचा एक मेंढा आणवला आणि सांगितलं, शिकार गेली, रीत जायची नाही. तेव्हापासून दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी पोट साफ केलेला, पण काळीज आत ठेवलेला, कातड्यासकट अख्खा मेंढा परसात येतो आणि पुढचं सगळं रानातल्यासारखं होतं. कुऱ्हाड नाही, सत्तूर नाही. रानात ठोकाठोकी करून बाकीची जनावरं उठवायची नसत, म्हणून सांधा शोधून सुरीनंच मोकळा करायचा. काळीज सगळ्यांनी मिळून निखाऱ्यावर भाजून खायचं. बाकीच्याचे वाटे घालायचे आणि ज्यानं त्यानं आपल्या चुलीवर नेऊन शिजवायचे. काळीज सगळ्यांचं, मांस चुलीचं, असं अप्पा म्हणत.

"अण्णा, मी एक सांगू?" सुशांत म्हणाला. हा नागनाथकाकांचा मुलगा, पीण्या भागात त्याचा लेथ मशीनचा छोटा कारखाना. "सकलेशपूरकडं माझा एक गिऱ्हाईक आहे. कॉफीचा मळा. पुढच्या वर्षी खरं रानडुक्कर हवं असलं तर गुपचूप..."

"आण की. तुरुंगात तुझा वाटा तुला एकट्याला मिळंल. भांडण नाही, वाटणी नाही."

सगळे हसले. सुशांतही हसला, पण विषय तिथंच राहिला. सुरी अजून पाटावर पडून होती.

शेवटी मल्हार उठला. अण्णांचा मुलगा, दिवसभर कॉम्प्युटरपुढं बसणारा, आणि हातात घेतलेलं काम आधी मोबाईलवर बघून घेणारा. त्यानं रात्री तीन व्हिडिओ पाहिले होते. त्यानं सुरी घेतली, मागच्या पायाच्या घोट्याशी चीर दिली, आणि ती कातड्यातून थेट मांसात गेली. मग त्यानं डाव्या हातानं लोकर ओढली आणि त्याच हातानं मांस सावरलं.

"मल्हार, थांब!" त्याची बहीण आसावरी कठड्यावरून ओरडली. "लोकरीचा हात मांसाला लावलास. आता तेवढ्या भागाला वास येणार."

"मग तू कर ना," मल्हार वैतागून म्हणाला. तो म्हणायचं म्हणून म्हणाला होता. आसावरी मात्र उठली, ओढणी कमरेला बांधली आणि नळाखाली हात धुऊ लागली.

परसातले सगळे तिच्याकडे वळले. मेट्रो गेली तिचा आवाज तेवढा ऐकू आला.

"अगं, आपल्यात बायका सुरीला हात लावत नाहीत," पायरीवरून सगुणाआत्या म्हणाली. ही अण्णांचीही थोरली बहीण, चौऱ्यांशी वर्षांची. विसाव्या वर्षी विधवा होऊन या घरात परत आली ती इथलीच झाली. घरातल्या सगळ्या रीती तिला पाठ होत्या, आणि त्यांतल्या बहुतेक तिच्या विरुद्ध जाणाऱ्या होत्या.

"अप्पांनी मला शिकवलंय, आत्या. मी नऊ वर्षांची होते. बादली उलटी करून त्यावर उभं करायचे मला."

"ते लाडानं."

"लाडानं शिकवलेलं जास्त लक्षात राहतं." आसावरीनं हात पुसले आणि अण्णांकडे वळली. "अण्णा, मी सोलते. सांधेही मोकळे करते. पण सुरी धरणाऱ्याचा वाटा असतो ना? मला वाटा हवा. माझ्या चुलीचा, कच्चा, सगळ्यांना मिळतो तसा."

अण्णा तिच्याकडे बघत राहिले. "तुझी चूल इथंच आहे की."

"माझी चूल मारतहळ्ळीला आहे अण्णा. सातव्या मजल्यावर. दोन वर्षं झाली."

"आज मटणाचा वाटा," नागनाथकाका आभाळाकडे बघत म्हणाले, "उद्या घराचा."

"घराचा कायद्यानं आहेच, काका. तो मी मागतेय का?"

काकांचं आभाळाकडे बघून झालं आणि ते चपलेचा अंगठा नीट करू लागले. अण्णा म्हणाले, "तू सोल. चार चुली आहेत, चार वाटे होतील. माझा, नागनाथचा, सुशांतचा, मल्हारचा. पहिल्यापासून चुलीमागं एक वाटा. लेकीबाळींना पोटभर जेवायला मिळतंय ना इथं? डबा पण मिळतो."

आसावरीनं सुरी उचलली.

*

डबा मिळायचा, हे खरं होतं. मागच्या दोन्ही वर्षी तिला सणाच्या आठवड्यात दौऱ्यावर जावं लागलं, आणि दोन्ही वर्षी मल्हार चार पुडांचा डबा तिच्या दारात ठेवून गेला. शिजलेलं मटण, भाकरी, कांदा, सगळं. तिनं आणि तिच्या लेकीनं, शमिकानं, चवीनं खाल्लं. पण डबा पाहुण्याला देतात, आजाऱ्याला देतात. वाटा घरवाल्याला देतात. पुण्याचं लग्न मोडून ती लेकीला घेऊन परत आली तेव्हा आठ महिने याच घरात राहिली. कुणी वाकडा शब्द बोललं नाही. तरी एक दिवस तिनं स्वतःची जागा भाड्यानं घेतली, गॅस घेतला, चार पातेली घेतली. तिला हवं होतं ते इतकंच, की या लोकांनी ते बघावं आणि हो, ही एक चूल आहे, म्हणावं.

तिनं डावा हात लोकरीला ठेवला आणि उजवा मांसाला, आणि दोघांची गाठ पडू दिली नाही. घोट्यापासून आतल्या बाजूनं चीर घेतली. मग सुरी दातात न धरता पाटावर ठेवली, कारण अप्पा दातात धरत आणि ते तिला लहानपणीही भयंकर वाटायचं. मूठ वळली आणि कातडं आणि मांस यांच्यामध्ये घातली. सुरी कमी, मूठ जास्त. पहिल्या दोन बोटांपर्यंत अडलं, मग ओल्या कापडासारखं कातडं सुटत गेलं.

"हे व्हिडिओत नव्हतं," मल्हार म्हणाला.

"तुझ्या व्हिडिओवाल्याला अप्पा भेटले नव्हते. पाय धर त्याचा. दोन्ही हातांनी. लोकर नको, खूर धर."

मल्हारनं खूर धरला. थोड्या वेळानं सुशांतनं न विचारता परात खाली सरकवली. मानेपर्यंत कातडं उतरलं तेव्हा आसावरीचे खांदे भरून आले होते, आणि मांसावर लोकरीचा एक धागा नव्हता. मल्हारनं बिघडवलेला तेवढा भाग तिनं कापून बाजूला टाकला.

अण्णा खुर्चीवरून बघत होते. त्यांचा उजवा हात मांडीवर होता आणि तिची मूठ आत गेली की त्यांचीही मूठ वळायची. फारशी वळायची नाही. पोरीनं पुढचा खांदा उचलून धरला आणि एक लांब चीर दिली, आणि खांदा अलगद हातात आला. खांदा हाडाला अडकलेलाच नसतो, नुसता मांसानं धरलेला असतो, हे त्यांना स्वतःला समजायला तीन वर्षं लागली होती.

त्यांना अभिमान वाटला आणि लगेच वाईट वाटलं. वरच्या मजल्यावरची तिची खोली त्यांनी अजून तशीच ठेवली होती. दर सोमवारी ते तिथली चादर बदलायला लावत, झोपायला कुणी नसलं तरी. मारतहळ्ळीच्या घरी ते एकदाही गेले नव्हते. गुडघे, ट्रॅफिक, टिन फॅक्टरीचा सिग्नल, कारणं पुष्कळ होती. खरं कारण एकच. तिथं जाऊन पाणी प्यायलो की पोरगी तिथं राहते हे कबूल करावं लागणार, आणि मग ती इकडे परत यायची नाही. वाटाही तसाच. एकदा दिला की चूल वेगळी झाली.

*

स्वयंपाकघरात शुभदा मसाला वाटत होती. ही मल्हारची बायको, मूळची पुण्याची. सासऱ्यांचा नियम म्हणून आजच्या दिवशी मिक्सर बंद आणि पाटा-वरवंटा सुरू. सुक्या मिरच्या, लसूण, मिरी, भाजून काळं केलेलं खोबरं. पाण्याचा हात लावून लावून वाटायचं आणि त्याचे गोळे करायचे, वाट्यागणिक एक.

सगुणाआत्या पायरीवरचं ऊन अंगावर आलं म्हणून आत येऊन बसली. शमिका तिला चिकटून होती.

"आत्याआजी, नावं तू सांगतेस ना? तू चीटिंग करू शकतेस?"

"पाठ फिरवून बसते की मी. पदर डोळ्यांवर घेऊन. नागनाथ काठी लावतो ढिगाला आणि विचारतो, हा कुणाचा? मी नाव सांगते. कुठला ढीग मोठा, कुठल्यात मांडी आहे, मला कसं कळंल? म्हणून भांडण नाही. आणि एकदा नाव निघालं की निघालं. राजा आला तरी बदलायचं नाही."

"आणि तुझा ढीग?"

"मला ढीग नाही. माझी चूल कुठाय?" आत्या सहज म्हणाली. "ज्याचं नाव निघत नाही, त्यानं हवी ती चूल निवडायची. तो म्हणेल तिथं जेवणार, आणि नाही म्हणायचा हक्क कुणाला नाही. मागच्या वर्षी सुशांतकडं गेले. त्याआधी इथंच. मजा असती."

शुभदाचा वरवंटा थांबला. "आत्या, एक विचारू? तुम्ही रागावणार नसलात तर."

"रागावले तर तुला कळंलच. विचार."

"आसावरीताईंना वाटा द्यायला प्रॉब्लेम काय आहे, नेमका?"

"मला कुणी दिला?" आत्या फटकन म्हणाली. बोलल्यावर तिचं तिलाच ते कडू लागलं असावं, कारण ती लगेच शमिकाच्या वेणीशी चाळा करू लागली. "रीत आहे. चुलीमागं एक वाटा. चार चुली, चार वाटे. पाचवा कुठून घालायचा?"

"पण चुली चार आहेत कुठे?" शुभदा म्हणाली. "सासूबाई गेल्यावर आम्ही वरचं किचन बंदच केलं ना. तिथं मल्हारचं ऑफिस आहे, दोन मॉनिटर आणि ती खुर्ची. सिलिंडर मी स्वतः परत केलाय. तीन वर्षं अण्णा आणि आम्ही एकाच गॅसवर जेवतोय. एक चूल, आणि वाटे दोन येतात. फ्रीजमध्ये ठेवायला जागा नसते मला. चौथी चूल बघायला गेलं तर..." ती थांबली.

आत्यानं डोळे बारीक केले. तिला दिसायचं कमी, पण माणूस अर्धवट थांबला की तिला ते पुरतं दिसायचं. "आणि तुला त्यात काय मिळणार?"

शुभदा हसली. ती लबाड नव्हती, पण भोळीही नव्हती. "मीठ."

"मीठ?"

"ज्याची चूल त्याचं मीठ, असं अण्णाच म्हणतात ना? तीन वर्षं मी रांधतेय आणि अण्णा येऊन मीठ घालतात. रोज. मी घातलेलं असलं तरी."

सगुणाआत्या इतकी हसली की तिला ठसका लागला आणि शमिकाला पाणी आणावं लागलं. पाणी पिऊन ती म्हणाली, "स्वल्प बारीक वाट गं. खोबरं लागतंय." मग उठली आणि काठी टेकत परत परसात गेली.

*

मांडीचं काम सुरू होतं. आसावरीनं मेंढा आता केळीच्या पानांवर उतरवून घेतला होता आणि गुडघे टेकून बसली होती. मांडी बाहेरच्या बाजूला दाबली, सांध्यात सुरीचं टोक घातलं, आणि खुब्याचा गोळा टक्कन बाहेर आला. काका न राहवून "सरी, बरोब्बर" म्हणून गेले.

सगुणाआत्या तिच्या शेजारी स्टुलावर बसली. तिला वाटत होतं, बघू या, इथं तरी चुकते का. वर्षानुवर्षं ती बघत आली होती. चांगले चांगले पुरुष इथं चुकत. नागनाथ तर तरुणपणी तीनदा चुकला होता आणि तिन्ही वेळा मटण खाऊन कुणी काही बोललं नव्हतं, नुसतं ताक जास्त प्यायले होते.

आसावरीनं मांडीचे दोन पट्टे बोटांनी वेगळे केले. मधल्या चरबीत बोट घालून चाचपलं, पुन्हा चाचपलं, आणि सुपारीएवढी करडी गाठ न फोडता काढली. ती पानाच्या कडेला ठेवली. मग दुसऱ्या मांडीतली काढली. मग खांद्यातल्या दोन.

"ही काय?" मल्हारनं विचारलं.

"ही राहिली तर सगळ्या पातेल्याला उग्र वास मारतो. रानातल्या जनावराला जास्त, पण मेंढ्यालाही असतेच. अप्पा म्हणायचे, मांस चुकत नाही, गाठ चुकते."

अप्पा हे फक्त चरबीत बोटं बुडवून आणि कुणाकडे न बघता म्हणायचे, आणि पोरगी तशीच म्हणाली होती. सगुणाआत्याला अप्पा आठवले, आणि तिला कधी कुणी बादलीवर उभं केलं नाही हेही आठवलं. आपल्याला मिळालं नाही म्हणून दुसरीलाही मिळू नये, असं आपण सकाळपासून धरून बसलो आहोत, हे तिच्या लक्षात आलं आणि तिला स्वतःची लाज वाटली. तिनं त्या गाठी काठीच्या टोकानं लांब सरकवल्या, नाहीतर मांजरानं ओढून पानावर आणल्या असत्या.

काळीज भाजून झालं. अण्णांनी डाव्या हातानं त्यावर मीठ भुरभुरलं, मिरपूड घातली, आणि सगळ्यांनी निखाऱ्याभोवती उभ्यानं खाल्लं. शमिकानं दोन तुकडे मागून घेतले. शुभदा पुण्याहून आली तेव्हा काळीज खात नसे. आता तिनं जाळीला लागलेलंही खरवडून घेतलं.

मग आसावरीनं वाटे घातले. कापणाऱ्यानंच वाटे घालायचे, कारण नाव कुणाचं निघणार हे त्याला माहीत नसतं. तिनं चार पानं मांडली. खांदा, मांडी, बरगड्या, मान, पाठीचे मणके, सगळं थोडं थोडं सगळीकडे गेलं. एकदा मागं सरून बघितलं आणि दुसऱ्या पानावरची एक बरगडी उचलून चौथ्यावर ठेवली. प्रत्येकाच्या कडेला मसाल्याचा गोळा ठेवला.

अण्णा जवळ येऊन उभे राहिले. "चारच घातलेस?"

"तुम्ही चार सांगितलंत."

पाचवा घातला असता तर काय बोलायचं हे अण्णांनी मघापासून ठरवून ठेवलं होतं. चार घातल्यावर काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं. ते परत खुर्चीकडे गेले.

सगुणाआत्या फणसाकडे तोंड करून बसली आणि पदर डोळ्यांवर ओढला. नागनाथकाकांनी काठी पहिल्या पानाला लावली.

"हा कुणाचा?"

"नागनाथचा."

"हा कुणाचा?"

"सुशांतचा."

"हा कुणाचा?"

"मल्हारचा."

चौथं नाव विचारायची तशी गरजच नव्हती. अण्णा उठून पानाशी वाकलेही होते. पण रीत ती रीत, म्हणून काकांनी काठी लावली.

"हा कुणाचा?"

"आसावरीचा," सगुणाआत्या म्हणाली.

काकांची काठी पानावरच राहिली. "अक्का, चुकलीस. अण्णाचं राहिलं."

"पाठ फिरवलेल्याची चूक धरत नाहीत."

"अगं, पण अण्णाचा वाटा..."

"चुलीमागं वाटा. मी चुली मोजल्या." आत्यानं पदर काढला नाही. "तुझी एक. सुशांतची एक. या घरात वर सिलिंडर नाही, खाली एकच गॅस पेटतो, तो मल्हारच्या बायकोचा. ती तिसरी. चौथी सातव्या मजल्यावर आहे म्हणतात. मी बघितली नाही, पण तिची भाकर खाऊन ही पोरगी दोन वर्षांत केवढी वाढली ती बघितली. चारच झाल्या. तूच म्हणालास ना पद्मा, चार चुली, चार वाटे?"

शुभदा सुरीच्या पाटाकडे बघत होती, आणि इतक्या लक्षपूर्वक पाटाकडे कुणी बघत नाही. मल्हारनं एकदा बायकोकडे बघितलं, एकदा वडलांकडे, आणि या वेळी न बोलणं हेच आपलं मत असं ठरवलं.

आसावरीचे हात अजून लाल होते. "आत्या, मला असं नको होतं," ती म्हणाली. "अण्णांचा काढून नको."

"नाव निघालं की निघालं," आत्या म्हणाली.

पद्मनाभअण्णा वाकलेले होते ते हळूहळू सरळ झाले. आयुष्यात पहिल्यांदा शिलंगणाच्या दिवशी त्यांच्या नावाचं पान नव्हतं. त्यांना राग यायला हवा होता, आणि तो येतो का म्हणून ते थोडा वेळ थांबलेही. त्याऐवजी त्यांना आपल्या बहिणीची पाठ दिसली. पन्नासाहून जास्त वर्षं ती अशीच पाठ फिरवून बसत होती आणि सगळ्यांची नावं घेत होती.

"अक्का," ते म्हणाले, "ज्याचं नाव निघत नाही त्यानं काय करायचं असतं?"

आता तिनं पदर बाजूला केला. "माहीत नाही तुला? दरवर्षी मी काय करते?"

"चूल निवडतेस."

"मग निवड की. मी इतकी वर्षं निवडली, तू एकदा निवड. काही होत नाही. जेवण मिळतं."

"अण्णा, माझ्याकडं चल," काका लगेच म्हणाले. "सुशांतची आई वाट बघतीय तुझी."

"अण्णा, आपलंच घर आहे की," मल्हार म्हणाला. "कशाला कुठं जायचं?"

अण्णांनी चौथं पान बघितलं. वाटा नेटका घातला होता. त्यांनी स्वतः घातला असता तर मणके थोडे वर ठेवले असते, बाकी काही नाही. ते आसावरीकडे वळले.

"रविवारी टिन फॅक्टरीच्या सिग्नलला किती वेळ लागतो गं?"

उत्तर शमिकानं दिलं. "लिफ्टपण आहे, आजोबा. तुम्हाला जिना नाही चढावा लागणार."

"मग झालं," अण्णा म्हणाले. "नाही म्हणायचा हक्क तुम्हाला नाही, एवढं लक्षात ठेवा."

*

मारतहळ्ळीच्या सातव्या मजल्यावर चप्पल कुठं काढायची इथपासून अण्णांची सुरुवात झाली. त्यांनी बाल्कनीतून खाली बघितलं आणि लगेच मागं सरले. फ्रीजवर शमिकानं काढलेली चित्रं होती, त्यातल्या एकात काठी घेतलेला माणूस होता आणि खाली आजोबा असं लिहिलं होतं. ते त्यांनी बराच वेळ बघितलं. शमिकानं पाणी आणलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी धरून सगळं प्यायलं.

मग ते स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून बसले. आसावरीनं चरबी आधी पातेल्यात घातली. ती सुटल्यावर मांस घातलं आणि झाकण ठेवलं. पाणी घातलं नाही. मांसाला अंगचं पाणी सुटतं तेवढ्यात ते शिजवायचं, हे तिनं कुणाला विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. मसाल्याचा गोळा कोमट पाण्यात सोडवून ओतला तेव्हा वास दारापर्यंत, मग जिन्यापर्यंत गेला, आणि शेजारच्या फ्लॅटमधल्या बाईंनी दार उघडून "काय विशेष?" म्हणून हिंदीत विचारलं. "माझे वडील आलेत," आसावरी म्हणाली.

शेवटी मिठाची वेळ आली. आसावरीनं बरणी उघडली. सवयीनं ती स्टुलाकडे वळली, बरणी पुढं केली.

"अण्णा, मीठ घालता?"

अण्णांचा हात अर्धा वर आला होता. दोघांनीही तो बघितला. मग तो परत मांडीवर गेला.

"चूल कुणाची आहे?" ते म्हणाले.

तिनं पातेल्याकडे तोंड केलं, डोळे पुसायला मनगट वापरलं, आणि मीठ घातलं. ओल्या डोळ्यांना अंदाज आला नाही म्हणून किंचित जास्तच पडलं.

अण्णा तीन भाकरी जेवले आणि दोनदा वाढून घेतलं. मिठाबद्दल ते काही बोलले नाहीत.